कल्याण फास्ट

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. दुसरा आमचा, डोंबिवलीचा. धाकटी बहीण तिकडच्या मानपाड्यात, मी इकडच्या. त्यामुळे पत्ता टाकताना जरा घाई झाली की तिचं पार्सल माझ्या दारात, माझं तिच्या. गेल्या महिन्यात असाच एक खोका आला. बायकोने उघडला. आत काळे-गुलाबी बूट, तळाला खिळे. तिने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे, आणि काही न बोलता झाकण लावलं.

बूट भाचीचे. चिनू, इयत्ता नववी, फुटबॉलमध्ये डाव्या पायाची. रविवारी पोचवायला गेलो. आभार वगैरे राहिले बाजूला, पोरगी म्हणाली, "मामा, बूट आणलेस ते ठीक. आता बॉल सोडवून आण."

बॉल अटकेत होता. गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये, खुर्चीखाली. मी वाकून पाहिलं: दोन टेनिस बॉल, एक हवा गेलेला प्लॅस्टिकचा, एक बॅडमिंटनची रॅकेट (हिचा गुन्हा काय ते कळलं नाही) आणि मागे कोपऱ्यात मार्करने 'चिन्मयी, नववी ब' लिहिलेला फुटबॉल. वॉचमन सज्जन. म्हणाला, "साहेब, मलापण वाईट वाटतं. पण वरून ऑर्डर आहे." वरून म्हणजे कमिटीकडून. पोडियमवर पितळी अक्षरांत पाटी आहे: 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' फ्लॅट विकताना याच पोडियमचं नाव 'किड्स स्पोर्ट्स झोन' होतं. बहिणीने ते ब्रोशर जपून ठेवलंय. त्यात एक गोरी मुलगी चेंडूला लाथ मारताना दाखवली आहे. तिच्यावर कमिटीने अजून कारवाई केलेली नाही.

आता गंमत बघा. दोन्ही मानपाड्यांहून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम तासा-दीड तासावर. (आमच्याकडून जाताना शिळफाट्याला माणूस शिळा होतो, तो वेळ वेगळा धरावा.) त्या स्टेडियमवर २०२२ या एका वर्षात मुलींच्या फुटबॉलच्या दोन जागतिक दर्जाच्या जत्रा उतरल्या. जानेवारी-फेब्रुवारीत बायकांचा आशिया चषक. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक. मी आमच्या कट्ट्यावर विचारून पाहिलं. डी. वाय. पाटील म्हटल्यावर एकाला भाच्याची ॲडमिशन आठवली, दुसऱ्याला कोल्डप्ले. तिसरा म्हणाला, "मुलींचा फुटबॉल? असतो?"

असतो काका. आशिया चषकाला बारा देश आले होते. मॅचेस नेरूळला, अंधेरीला आणि पुण्यात बालेवाडीला, म्हणजे अख्खी स्पर्धा महाराष्ट्रात. अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असं धुतलं. अठरा! आपल्या लोकललासुद्धा जास्तीत जास्त पंधरा डबे लागतात.

आणि यजमान आपण. यजमान असल्यामुळे पात्रता फेरीही माफ. २० जानेवारी २०२२, नेरूळ, भारत विरुद्ध इराण. कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी, स्टेडियमच्या खुर्च्या ओळीने रिकाम्या. आम्ही घरात टीव्हीपुढे. शेजारचे काका पेपर वाचायला आले होते, त्यांना या प्रकरणात काडीचा रस नव्हता. तेवढ्यात पडद्यावर भारताच्या एका खेळाडूचं नाव झळकलं: मनीषा कल्याण. काका खुर्चीत सावरून बसले.

"कल्याण? ईस्ट की वेस्ट?"

होशियारपूर, काका. पंजाब.

त्यांचा चेहरा पडला खरा, पण मॅच त्यांनी पूर्ण पाहिली. एरवी डोंबिवलीकर कल्याणला मान देतो तो फक्त गाडीच्या नावापुरता. सीएसएमटीला इंडिकेटरवर 'कल्याण फास्ट' लागलं की जसे आपण धावतो, तशी ही पोरगी कडेकडेने धावते. दोनच महिन्यांपूर्वी ब्राझीलमध्ये जाऊन तिने ब्राझीलविरुद्ध गोल मारला होता. मॅच हरलो ६-१ ने, पण तो एक आपला आणि तिचा. पुढे २०२२ मध्येच ती सायप्रसच्या क्लबकडून युरोपातली चॅम्पियन्स लीग खेळली; तिथे खेळलेली पहिली भारतीय. एक कल्याण फास्ट सायप्रसला पोचली. आमची अजून वाटेत सिग्नल मागतेय.

इराणशी ०-० झालं. ठीक, वाईट नाही. पुढची मॅच २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी. ती झालीच नाही. संघात कोरोना घुसला आणि उभ्या राहू शकतील अशा तेरा मुली भरेनात. नियम असा की किमान तेरा खेळाडूंची यादी द्यावी लागते. नाही दिली तर माघार समजणार. समजली. प्रशिक्षक डेनर्बी यांनी बोट दाखवलं ते हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांकडे, आशियाई संघटनेने नियमाकडे, आणि आपल्याकडच्या साहेबांनी आशियाई संघटनेकडे. मुली खोल्यांमध्ये. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची वाट याच स्पर्धेतून जात होती, तीही बंद.

भारताच्या नावापुढचे निकाल पुसले गेले, त्यात इराणबरोबरची बरोबरीही पुसली. इराणच्या बायका आयुष्यात पहिल्यांदा आशिया चषकाला आल्या होत्या. पुढच्या दोन्ही मॅचेस त्या मोठ्या फरकाने हरल्या. त्यांना मिळालेला एकुलता एक गुण आपल्या आजारपणात गेला. पाहुण्यांच्या हातचा लाडू काढून घेण्याचा हा प्रकार आपल्या यजमानपदाच्या इतिहासात नोंदवून ठेवायला हवा.

तर असं हे. मांडव आपला, मंगलाष्टकं चालू, आणि नवरीच पहिल्या अक्षतेनंतर घरी. बाकीच्यांनी लग्न उरकलं. बालेवाडीत फिलिपिन्सने तैपेईला पेनल्टी किकवर हरवून आयुष्यातलं पहिलं विश्वचषकाचं तिकीट काढलं. मैदानातच पोरी ओक्साबोक्शी रडल्या. पुण्याच्या मातीत एका देशाचा इतिहास घडला आणि बाणेरच्या ट्रॅफिकला पत्ता नाही. फायनल नेरूळला ६ फेब्रुवारीला. दक्षिण कोरिया दोन गोलांनी पुढे. चीनने तीन मारून, तिसरा अगदी भरपाईच्या वेळेत, चषक नेला. फार थोर मॅच झाली म्हणतात. मी पाहिली नाही. त्या दिवशी सकाळी लतादीदी गेल्या होत्या आणि अख्खा महाराष्ट्र शिवाजी पार्ककडे डोळे लावून बसला होता. त्या दिवशी कुणी फुटबॉल पाहिला नाही म्हणून मी कुणालाच दोष देणार नाही.

दोष द्यायला ऑगस्ट आहे.

गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष. मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली. खुर्ची २०२२ च्या मेपर्यंत गेली. १८ मे रोजी सुप्रीम कोर्टाने त्यांना बाजूला करून प्रशासक समिती नेमली. मग फिफा म्हणाली, हा बाहेरच्यांचा हस्तक्षेप, आणि १६ ऑगस्टला देश उठला तो निलंबनाच्या बातमीने. आदल्याच दिवशी स्वातंत्र्याची पंच्याहत्तरी झालेली. सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आठ आठवड्यांवर, आणि तो भारतातून काढून घेण्याची भाषा. २६ तारखेला निलंबन उठलं, स्पर्धा वाचली. म्हाताऱ्या माणसांच्या खुर्चीखाली पोरींचा बॉल अडकला होता. दहा दिवसांनी सोडला. चिनूला हे सांगितलं तेव्हा तिला काही समजावून द्यावं लागलं नाही. ती फक्त म्हणाली, "त्यांच्याकडे पण कमिटी आहे?"

या स्पर्धेचं शुभंकर म्हणजे एक सिंहीण, नाव 'इभा'. आमच्या बिल्डिंगीत संस्कृतच्या निवृत्त बाई राहतात. त्यांनी पेपरात वाचलं आणि मला जिन्यात गाठलं. "अरे, इभ म्हणजे हत्ती! सिंहिणीचं नाव हत्तीण कोण ठेवतं? फिफाला कळवा कुणीतरी." मी सांगितलं, बाई, ते मेघालयातल्या खासी भाषेतलं आहे, चांगली दृष्टी असलेली असा काहीसा अर्थ. बाई दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या. "मग ठीक आहे. पण मग दिसलं का तिला काही?"

दिसलं ते फार बरं नव्हतं. आपल्या मुलींच्या मॅचेस भुवनेश्वरला होत्या: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा खाल्ले, एकही दिला नाही. पुण्याची काजोल डिसोझा त्या संघात होती, ही आपली मराठी मुलखाची हजेरी. कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव. तिची गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली होती, मला मात्र ती अजून पचलेली नाही. पोरगी देशाची कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या गावात रस्ता करायला घेतला. छान. त्या रस्त्यावर रोजंदारीला कोण? तिचेच आई-वडील. मजुरी दिवसाला अडीचशे रुपये. मुलगी भुवनेश्वरात अमेरिकेसमोर उभी, आणि तिच्या मानासाठी चाललेल्या कामावर आई डोक्यावर घमेलं घेऊन. मॅच बघायला घरात टीव्ही नव्हता. प्रशासनाने आणून दिला. आमच्याकडे रस्त्याला नाव देण्याची पद्धत उलटी आहे: आधी फलक, त्यावर सात जणांचे हात जोडलेले फोटो, मग खड्डा, मग रस्ता. पण नाव ज्याचं त्याचीच आई खडी वाहतेय, एवढी काटकसर आमच्या पुढाऱ्यांनाही सुचली नसती.

नेरूळला वसुबारसेच्या दिवशी नायजेरियाने अमेरिकेला पेनल्टीवर घरी पाठवलं. हो, आपल्याला आठ मारणाऱ्या त्याच अमेरिकेला. डोंबिवलीत त्या संध्याकाळी फडके रोडवर कंदिलांची खरेदी. सेमीफायनल भाऊबीजेला, गोव्यात फातोर्ड्याला. फायनल परत नेरूळला, ३० ऑक्टोबरला, रविवारी. बहिणीकडे फराळाचे डबे परत करायचे होतेच, ते निमित्त काढून मी चिनूला घेऊन गेलो. ती तेव्हा सहावीत. मेगाब्लॉकच्या भानगडीत पडायला नको म्हणून रस्त्याने.

स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाची लिंडा कासेदो नावाची मुलगी बॉल पायाशी आला की अशी काही वळायची की आमच्या मागे बसलेला एक पोरगा नुसता "आई शप्पथ, आई शप्पथ" करत होता; त्याचं समालोचन टीव्हीवरच्यापेक्षा बरं होतं. पुढच्याच वर्षी ही पोरगी थोरल्या विश्वचषकात जर्मनीला गोल मारणार होती. आम्हाला काय माहीत! आम्ही भेळ खात होतो. आणि मग ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या आना मारिया गुस्मानच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात. १-०. स्पेनचा चषक. गुस्मान सतरा वर्षांची. मॅच संपल्यावर ती जमिनीवर बसली ती उठेना, आणि चिनूने माझ्या हातातला भेळेचा कागद घट्ट धरला.

गाडीत येताना विचारलं, "मामा, आता तिला टीममधून काढतील?"

मी म्हटलं, काढतील बहुतेक. मी मराठी माणूस. ओन गोल करणाऱ्याचं आपल्याकडे काय होतं हे मी ऑफिसात पाहिलेलं आहे. तर पुढच्या वर्षी तिला जर्मनीच्या बायर्न म्युनिकने घेतलं. चिनूने ती बातमी मला पाठवली, खाली फक्त एक जीभ काढलेला चेहरा.

आता क्रिकेटवाले म्हणतील, आमच्यावर का जळता? नाही जळत. त्याच नेरूळला, तीन वर्षांनी, बरोबर ३० ऑक्टोबरलाच जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या. २ नोव्हेंबर २०२५ ला मध्यरात्री दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या बायकांनी विश्वचषक उचलला तेव्हा मानपाडा रोडवर फटाके वाजले. पहिली माळ लावली ती "असतो?" विचारणाऱ्या काकांनी. पण जरा तारखा बघा. स्पेन-कोलंबिया फायनलच्या तीनच दिवस आधी, २७ ऑक्टोबर २०२२ ला, क्रिकेट बोर्डाने बायकांची मॅच फी पुरुषांइतकी केली. पुढच्या मार्चमध्ये बायकांची प्रीमियर लीग सुरू झाली, पहिली मॅच याच नेरूळला. तिथे मुलींना रोज उठून खेळायला दिलं, खेळायचे पैसे दिले. कप तीन वर्षांनी आला. फुटबॉलात आपण जगाला हॉल भाड्याने दिला. वाजंत्री त्यांची, वऱ्हाड त्यांचं. आपण शेवटी खुर्च्या मोजून घेतल्या आणि वारसा या विषयावर भाषणं केली.

आमच्याकडे तर हॉलसुद्धा मोकळा नसतो. शहरात मैदान म्हणून जे काही उरलं आहे त्याचं वर्षभराचं बुकिंग असतं: महोत्सव, ग्राहक पेठ, आंबे, सत्कार, पक्षप्रवेश. मांडव निघाला की खिळे राहतात. बुटांना खिळे असतात म्हणून मैदानालाही असावेत, असा काहीसा समज दिसतो.

आणि तरीही.

जून-जुलै २०२५, थायलंडमधलं चियांग माई. भारताच्या बायका यजमान नव्हत्या, कुणी पात्रता माफ केलेली नव्हती. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि ५ जुलैला खुद्द थायलंडला त्यांच्याच घरात २-१. हेच थायलंड १९८३ साली बँकॉकच्या आशियाई फायनलमध्ये आपल्याला भारी पडलं होतं. तेव्हा आपण आशियात दुसरे होतो, हे सांगितलं तर आज लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तर बेचाळीस वर्षांनी हिशेब झाला आणि ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशिया चषकाचं तिकीट मिळालं. पात्रता फेरी खेळून, म्हणजे स्वतःच्या पायांनी, पहिल्यांदाच. सोडत निघाली तर गटात जपान, व्हिएतनाम आणि कोण? चायनीज तैपेई. नेरूळला हुकलेली गाठ ऑस्ट्रेलियात.

थायलंडविरुद्धचे दोन्ही गोल संगीता बासफोरने मारले. सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. मी शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांनी सवयीने विचारलं, "गाव कुठलं?"

कल्याणी. पश्चिम बंगाल.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे कल्याण झालं, कल्याणी झाली. राहिली ती फक्त कल्याण-डोंबिवली."

चिनूचा बॉल मी सोडवला. कमिटीच्या सेक्रेटरींनी माझ्याकडून लिहून घेतलं की सदर चेंडू सोसायटीच्या आवारात जमिनीला लागणार नाही. चेंडूकडून असं लिहून घेणारी ही जगातली पहिली संस्था असावी. मी सही केली, कारण तो आता तिकडच्या मानपाड्यात राहतच नाही. शनिवारी रात्री चिनू आणि बॉल दोघं मामाकडे मुक्कामाला येतात. आमच्या इथल्या टर्फवर रात्रीचे सगळे तास ऑफिसवाल्या पोरांनी धरलेले. रविवारी सकाळी सहा ते सात मात्र मोकळा असतो, कारण पोरं तेव्हा झोपलेली असतात. मालकाने तो तास निम्म्या भाड्यात दिला. पहिल्या रविवारी चिनू आणि तिच्या दोन मैत्रिणी. दुसऱ्या रविवारी पाच जणी. त्यातली एक पोळी-भाजीचा डबा देणाऱ्या ताईंची, अनवाणी खेळली आणि सगळ्यांत जोरात मारते. या रविवारी नऊ झाल्या. गोलकीपर अजून कुणी व्हायला तयार नाही, त्यामुळे सध्या तिथे मी.

तेराला चार कमी आहेत. घरात दहा ते सोळाची मुलगी असेल तर पाठवा. बूट नसले तरी चालतील, बॉल आहे. फक्त रिक्षात बसताना डोंबिवलीचा मानपाडा म्हणून सांगा, नाहीतर पहाटे सहाला घोडबंदरला उतराल.